मुक्कामी गाडी

नागपूर, मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय बाबू,

गावोगावच्या भटकंतीवरच्या तुझ्या पुस्तकाची तिन्ही प्रकरणं वाचून झाली. दुपारी कूलरसमोर बसून, हातात पेन्सिल घेऊन वाचली, त्यामुळे समास बराच काळा झाला आहे. राग येईल. आला तरी प्रत न्यायला घरी यावंच लागेल.

आधी चांगलं सांगतो. कुही तालुक्यातल्या मिरचीच्या सातऱ्याचं, म्हणजे देठं खुडायच्या फडाचं, पान. बाया ओळीने बसून देठं खुडताहेत, सगळ्यांच्या नाकातोंडावर पदर, तरी शिंका थांबत नाहीत. आणि ती एक बाई, घरी गेल्यावर लेकराला उचलायच्या आधी हाताला गोडं तेल चोळते, राखेने धुते, पुन्हा तेल चोळते. ते तू पाहिलंस. घरी बसून ते तेल कुणाला सुचत नाही. बाकीच्या साठ पानांत मी तसंच तेल शोधत राहिलो. मिळालं नाही.

मिळालं काय, तर ‘साधीभोळी माणसं’ चार वेळा आणि ‘वेळ जणू थांबला होता’ तीन वेळा. मोजायची मला सवयच आहे. वेळ कुठे थांबतो रे? धानाच्या रोवण्याच्या दिवसांत जी बाई सकाळी बांधीवर उशिरा पोचली आणि जिची अर्धी रोजी कापली गेली, तिला जाऊन विचार. आणि भोळी म्हणशील तर, तू मोटारसायकल उभी करून चहा प्यायलास तेवढ्या वेळात तू कोण, कुणाकडचा, आडनाव काय, जमीन बघायला आलास की मत मागायला, हे त्या साऱ्या पानठेल्याने ओळखून ठेवलेलं असतं.

दुसऱ्या प्रकरणात तू लिहितोस, ‘संध्याकाळच्या सोनेरी उन्हात मोहाची फुलं टपटपत होती.’ वाक्य गोड आहे. पण मोह संध्याकाळी गळत नाही. तो रात्री उशिरा गळायला लागतो, पहाटे भर असतो आणि ऊन चढलं की ओसरतो. बाया टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. एकटीदुकटी जात नाही, कारण मोह अस्वलालाही आवडतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून ठेवतात. उन्हाळ्यात जंगलाला लागणाऱ्या वणव्यांचं ते एक कारण. यातलं काहीच तुझ्या पानावर नाही, आणि का नाही हे मला कळलं. तू संध्याकाळी पोचलास, झाड पाहिलंस आणि परतलास. त्या गावात तू रात्री राहिलाच नाहीस.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. तू भटकलास खूप. मुक्काम कमी केलास.

एसटीची मुक्कामी गाडी तुला ठाऊक असेल. संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावाला जाऊन थांबते आणि पहाटे तीच गाडी परत येते. चालक-वाहक रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत, शाळेच्या ओसरीवर नाहीतर मारुतीच्या देवळात पडतात. आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, पण आहेत. माझ्या उमेदीची बरीच वर्षं मी या गाडीने गेलो. इतवारीहून नागभीडला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे होती, तिनेही खूप हिंडलो. ती 2019 मध्ये बंद झाली. मोटारसायकल होती माझ्याकडे, नव्हती असं नाही. पण मोटारसायकलवाला कंटाळला की उठतो. मुक्कामी गाडीने गेलेल्याला पहाटेपर्यंत कुठे जाता येत नाही. आठ वाजता जेवणं होतात, मग गावाचं पाहुण्याबद्दलचं कुतूहल संपतं आणि माणसं आपसांत बोलायला लागतात. कुणाचा सालदार पाडव्याला सोडून गेला, कुणाच्या धुऱ्यावरून मोजणी आणायची आहे, कुणाची पोरगी बारावीनंतर नागपूरला ठेवायची की नाही. पुस्तक तिथे सुरू होतं. तू त्या वेळी हायवेवर हेडलाइट लावून घरी येत होतास.

मी काही लेखक म्हणून हिंडलो नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 साली, दुष्काळाच्या तोंडावर उभी राहिली. तिच्यात मी विहिरी मोजायला होतो. निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात आणि त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजायची: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. कठड्यावर रंगाची खूण असते, तिथून टेप सोडायचा, वजन पाण्याला टेकलं की आवाज येतो, आकडा लिहायचा. झालं काम. एका विहिरीला दहा मिनिटं पुरे. म्हणजे मीही तुझ्यासारखा दहा मिनिटांचाच माणूस होतो, फरक एवढाच की मला त्याच विहिरीवर वर्षातून चारदा परत जावं लागे. माझी मर्जी असो नसो.

त्या परत जाण्याने मला जे दिलं ते मी निवडून घेतलेलं नव्हतं. ऑक्टोबरात एका विहिरीवर वाकून तांब्या बुडवता येई इतकं पाणी. दिवाळी तोंडावर, कापूस फुटलेला, पहिल्या वेचणीची सीतादही, म्हणजे शेतातली पूजा, झालेली, घरमालक ओरडून चहाला बोलावतो. जानेवारीत तोच माणूस भावावरून चिडलेला. मार्चमध्ये घराला कुलूप, सगळे लग्नाला. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी ओंजळभर पाणी, त्यात एक बेडूक, आणि घरमालक चहा म्हणत नाही. त्याला चहा द्यायचा नव्हता असं नव्हे, घरात साखर नव्हती. तू ऑक्टोबरात गेला असतास तर ‘आतिथ्यशील शेतकरी’ लिहिलं असतंस. मे महिन्यात गेला असतास तर ‘दुष्काळाने कोरडी झालेली मनं’. दोन्ही छापून आलं असतं. दोन्ही खोटं.

म्हणून पहिली गोष्ट ही कर: तुझ्या बावीस गावांपैकी अठरा काढून टाक. चार ठेव. त्या चारांत वर्षभर परत परत जा. वाचकाला बावीस गावांची नावं नको असतात. त्याला एका घरात बसायला जागा हवी असते.

कुठली चार, हे तू ठरव, पण एक लक्षात घे. नागपूर शिवणीवर वसलेलं शहर आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, दख्खनच्या लाव्ह्याचा हा पूर्वेकडचा काठ. शहर ओलांडून पूर्वेला गेलास की तो थर संपतो आणि खालचा जुना खडक वर येतो. जमिनीवर याचा अर्थ असा होतो, की काटोल-वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलास तर काळी माती, पऱ्हाटी, तूर, संत्र्याच्या बागा, ताटात ज्वारीची भाकर. भंडारा-पवनीकडच्या गाडीत बसलास तर बांध्या, तलाव, धानाचे पुंजणे, तणसाचे ढीग, आणि ताटात दोन्ही वेळा भात. तिकडे पाऊसही जास्त. माणसाचं बोलणंसुद्धा बदलतं. झाडीत, म्हणजे या धानपट्ट्यात, ‘पाणी’चा ‘ण’ गळून ‘पानी’ होतो आणि वाक्याच्या शेवटी ‘गा’ येतो. तुझ्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात तूर आहे, दुसऱ्यात रोवणा, तिसऱ्यात पुन्हा कापूस, आणि सगळ्याला तू नुसतं ‘खेडं’ म्हणतोस. असं एकच एक खेडं कुठेच नाही. गणेशपेठच्या स्टँडवर तू कुठल्या फलाटाला उभा राहतोस त्यावर तुझं पुस्तक ठरतं.

(खडकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे तो स्टीफन हिस्लॉप पाद्री होता, पण पायाला भिंगरी असलेला. नागपूरभोवतीचे खडक, जीवाश्म, गोंडांच्या कथा-गाणी, सगळं गोळा करत हिंडला. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेला. त्याचे गोंडांवरचे कागद तीन वर्षांनी दुसऱ्याने छापले. तुझ्या वह्या कुणी छापणार नाही, म्हणून पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असलं की थांबायचं. हे तुझ्या आईच्या वतीने.)

पूर्वेकडे गेलास तर मामा तलावावर एक रात्र काढ. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणा मामाने खोदला असेल. ‘माजी मालगुजारी’चा तो संक्षेप. मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, होते तोवर तलाव त्यांच्या ताब्यात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर ‘मामा’ झाले. तेव्हा आपलं नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. पण तलाव बांधणारे बहुतेक कोहळी जातीचे शेतकरी. नवेगावबांधचा तो अवाढव्य तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळ्याने बांधला असं सांगतात. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, हे त्यांनी लेव्हल मशीन नसताना ओळखलं. तू तिसऱ्या प्रकरणात अशाच एका तलावाला ‘निसर्गरम्य सरोवर’ म्हटलं आहेस. निसर्गाचा त्यात हात कमी. तो कुणाच्या तरी खांद्यावरून आलेल्या मातीच्या टोपल्यांचा आहे. पाण्यात उगवणारं देवधान कोण काढतं, मासोळीचा ठेका कुणाकडे, ढिवरांच्या संस्थेला तो किती वर्षांनी मिळाला, हे विचारलंस तर सरोवर आपोआप गळून पडेल.

लिहायचं कसं, हे तू पत्रात दोनदा विचारलंस. माझ्याकडे युक्ती नाही, एक जुना दाखला आहे. मराठी गद्याची सुरुवात आपल्याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला झाली, तेराव्या शतकात. आणि ते गद्य म्हणजे काय, तर एका माणसाच्या भटकंतीच्या आठवणी. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी कुठे गेले, कुणाच्या ओसरीवर निजले, कुणी काय वाढलं, कोण काय बोललं. ‘लीळाचरित्र’ जमवणाऱ्या म्हाइंभटाने ते स्वतःच्या मनाने रचलं नाही. ज्याने पाहिलं-ऐकलं त्याला गाठून विचारलं, दुसऱ्याकडून पडताळलं. मूळ प्रत पुढे धामधुमीत नाहीशी झाली, लोकांनी आठवणीतून पुन्हा लिहिली, आणि जिथे दोघांची आठवण जुळली नाही तिथे पोथीत दोन्ही पाठ नावानिशी ठेवले. त्याच पंथाची ‘स्थानपोथी’ काढून बघ. गावाच्या कोणत्या दिशेला कोणतं देऊळ, त्याचं तोंड कुठे, स्वामी बसले ती जागा कुठे, एवढंच. विशेषण जवळजवळ नाही. आणि तरी वाचताना माणूस त्या गावात चालत जातो. एखादा आजा तुला सांगेल की पूर 1959 चा, त्याचा भाऊ म्हणेल 1961 चा. तू एक निवडू नकोस. दोघं भांडताहेत ते लिही.

शब्दांचंही तसंच. तू ‘शेताच्या बांधावरून पायवाटेने’ गेलास. आपल्याकडे तो धुरा, आणि बैलबंडी जाते ती पांदण. पावसाळ्यात पांदणीत गुडघाभर चिखल होतो आणि निम्म्या गावाचं वावर तिच्या पलीकडे असतं, म्हणून पांदण हा निवडणुकीचा विषय असतो. ‘पायवाट’ म्हटलं की हे सगळं गेलं. पण उलटी चूकही करू नकोस. दर ओळीला वऱ्हाडी शब्द पेरून, पात्रांच्या तोंडी ‘बाप्पा’ आणि ‘कायले’ घालून गाव उभं राहत नाही. नकला मात्र होतात. शब्द कामातून आला तर ठेव. डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, धरून बघ एकदा, दोन तास. मग ‘डवरणी’ तुझ्या वाक्यात नीट बसेल.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

माझं ते लहानसं पुस्तक तुला आवडलं म्हणतोस. त्यात नसलेला एक लेख आहे. तरुणपणी एका दिवाळी अंकात छापला होता. माझ्या यादीतल्या एका विहिरीविषयी. तिच्यावर गावातल्या एका वस्तीतल्या बायांना पाणी भरू देत नसत. उघड कुणी अडवत नव्हतं. त्या आल्या की कुणीतरी बादली आपटायचं, एवढंच. ते मला त्याच वस्तीतल्या एका बाईने सांगितलं, टेप गुंडाळत होतो तेव्हा, हळू आवाजात. मी लिहिलं. गावाचं नाव दिलं नाही, तिचंही दिलं नाही. फार जबाबदारीने वागलो असं वाटलं. पण ‘चिंचेच्या झाडाखालचं पहिलं घर’ असं लिहून गेलो, कारण चिंच छान दिसत होती वाक्यात.

अंक त्या गावात पोचला. पोचतोच. शिक्षक असतात, नागपूरला शिकणारी पोरं असतात. त्या हंगामात तिला निंदणाला कुणी बोलावलं नाही. एक अख्खा हंगाम. मला हे मार्चच्या मोजणीला कळलं. मी तिच्या दारात उभा राहून काहीबाही बोललो. ती चुलीपुढून उठली नाही. एवढंच म्हणाली, “तुमी त मोजून चालले जाता साहेब. मले इथंच राहाचं हाये.”

पुढच्या मे महिन्यात विहीर मोजली तेव्हा घर बंद होतं. कुणी म्हणालं लेकीकडे गेली, कुणी म्हणालं वीटभट्टीवर.

तुझ्या तिसऱ्या प्रकरणात एक मुलगा आहे, जंगलातून सागाचं लाकूड आणणाऱ्या मामाची गोष्ट सांगणारा. तू त्याचं नाव बदललंस. पण त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत, बाप गावचा पोस्टमन आहे आणि ते दुकान नाल्यावरच्या पुलाला लागून आहे. तालुक्यात असे किती मुलगे असतील? पुस्तकाच्या सुरुवातीला स्पष्ट लिही की माणसं आणि गावं ओळखू येऊ नयेत म्हणून बदलली आहेत, आणि मग खरोखर बदल. तालुका बदल, बोट काढ, बापाला पोस्टातून उचल. लाकूड ठेव. खरं ते लाकूड आहे, ते का आणावं लागतं ते आहे. आणि छापायच्या आधी ते पान त्याला वाचून दाखव. तो ‘नको’ म्हणाला तर पान जाईल. चांगलं पान आहे, माहीत आहे मला. माझीही चिंच चांगली होती.

स्वतःबद्दल किती लिहावं, हाही तुझा प्रश्न होता. सध्या फार आहे. तुझा ब्रेकअप पहिल्या प्रकरणाच्या आठ पानांत आहे आणि सगळं माळरान त्याच्यासाठी उदास झालेलं आहे. माळरानाला तुझं काही माहीत नव्हतं रे. एक पान ठेव हवं तर. त्यापेक्षा गावाने तुला काय समजलं ते लिही. मला वीस वर्षं लोक ‘पानीमोजे’ म्हणत. एका गावात ठाम समज होता की मी मोजून गेलो की पाणी खाली जातं. वरूड-काटोलकडे संत्र्यापायी बोअर खोल खोल जात होते आणि माझ्या उघड्या विहिरी एकेक करून आटत होत्या, त्यामुळे त्यांचा संशय आकड्यांना धरूनच होता म्हण. एक म्हातारी मला पाहिलं की कठड्यावर सूप पालथं घालायची. हे मी पुस्तकात हसण्यासाठी घातलं, पण तिच्या अंगणात तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

किरकोळ दोन-तीन. जेवलास तर पैसे पुढे करू नकोस, अपमान होतो; पुढच्या खेपेला चहापत्ती, साखर किंवा पोरांना वह्या ने. फोटो काढलास तर छापून नेऊन दे, मोबाइलवर पाठवतो म्हणू नकोस. वही लोकांसमोर उघडायची की नाही हा स्वभावाचा प्रश्न आहे. मी उघडी ठेवायचो, कारण सरकारी वही बघून लोकांना वाटे की हा आकडेच लिहितोय.

आणि आता जा. या उन्हात कुणी जात नाही, म्हणून जा. तेंदूपत्त्याचे दिवस आहेत. पहाटे तीनला बाया निघतात, दुपारी घरभर माणसं बसून 70 पानांचं एकेक पुडकं बांधतात, आजीपासून पोरापर्यंत, आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या केंद्रावर, मोजून देतात. त्या मोजणीशी उभा राहा, पुडकं का नाकारलं जातं ते बघ. दुपारी बाहेर पडू नकोस, खिशात कांदा ठेव, हसू नकोस, ठेव. तुझ्या चार गावांपैकी एका तरी गावात विहिरीचा तळ बघून ये. मग ऑक्टोबरात पुन्हा.

मुक्कामी गाडीची वेळ फलाटावरच्या पाटीवर बघू नकोस, ती जुनी असते. वाहकालाच विचार. आणि रात्री कुठे झोपतोस हेही त्यालाच विचार, त्याला गावातली सगळी कोरडी छपरं ठाऊक असतात.

तुझा,
काका

ता. क. पान 22 वरच्या जनावराला तू वरच्या ओळीत बैल म्हणतोस आणि खालच्या ओळीत तो गायींच्या मागे लागतो. मग तो बैल नव्हे, गोऱ्हा असेल, नाहीतर वळू. मालकाला विचारून ये. तो हसेल, हसू दे.